माझं छापलेलं पाप

आमच्या घरात देव पुष्कळ होते, पण पाप असं फारसं नव्हतं. विटाळ होता, तो अंघोळीनं जाई. नजर होती, ती मीठ-मोहऱ्यांनी उतरे. चूक होती, तिला मायच्या हातची एक चापट पुरे. पाप हा शब्द कोणी बैलाला जरा जास्त काठी मारली तर निघायचा, तोही 'पाप लागंन' एवढाच. आपल्या आत एक काळी जागा असते आणि ती प्रत्येकानं स्वतः दिवा घेऊन शोधायची असते, ही गोष्ट आमच्याकडे आली ती हन्नाबाईच्या पुस्तकातून. ती मराठीत आणली माझ्या वडिलांनी. लिहून घेतली मी. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष ठेवायला मला फार लांब जावं लागलं नाही, तरी मी पुष्कळ लांब जाऊन आले.

खामगावात आमचं घर सरकी काढायच्या जिनाच्या मागच्या गल्लीत होतं. कापसाचा हंगाम सुरू झाला की पहाटेपासून गाड्यांची रांग लागे, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज दिवसभर थांबत नसे, आणि रुईचे तंतू उडत उडत येऊन वाळवणावर बसत. माय ते निवडता निवडता जिनवाल्यांच्या सात पिढ्यांची आठवण काढी. भोंगा वाजला की आम्ही उठायचो, दुसरा वाजला की बाबा शाळेत निघायचे. वाऱ्याची दिशा बदलली की तेलाच्या घाण्यांकडून ढेपेचा वास येई, आणि तो वास आला की मला हटकून भूक लागे. आजही ढेपेच्या दुकानावरून जाताना माझं पोट जागं होतं. डॉक्टर म्हणतात ॲसिडिटी.

बाबा शाळेत इंग्रजी शिकवत. मूळ घर वडनेर भोलजीचं, शेतीवाडी सांभाळायला थोरले भाऊ होते, त्यांना आम्ही मोठेबाबा म्हणायचो. घरात माय, मी आणि गिरजाआत्या. आत्या बाबांची सगळ्यात धाकटी बहीण. तिला जानेफळला दिली होती, सोळाव्या वर्षी नवरा गेला आणि ती भावाकडे आली. आमच्यात विधवेचा पाट लावत नसत. म्हणून ती चोविसाव्या वर्षीच म्हातारी ठरली होती आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून सगळ्यांच्या मागून जेवायची. पण तिच्या हातची पातोडीची भाजी अशी, की शाळा तपासनीस आले तर बाबा त्यांना मुद्दाम घरी आणत. हसताना ती तोंडावर पदर धरी, तरी तिचे खांदे हलत आणि त्यावरून कळे की ती किती हसतेय. मायचं आणि तिचं वाकडं नव्हतं, पण जानेफळचा दीर अधूनमधून निरोप धाडी की आमच्या घरचं माणूस आमच्याकडे पाठवा. शेतात दोन हात कोणाला नको असतात? बाबा दरवेळी काहीतरी कारण सांगून तो निरोप परतवत.

हन्नाबाई कापूस बाजाराच्या पलीकडे भाड्याच्या घरात एकटी राहायची. ती विलायतेतल्या क्वेकर पंथाची. तिच्यामागे कुठलं मिशन नव्हतं, चर्च नव्हतं, पाद्री तर अजिबात नव्हता, कारण तिच्या लोकांना पाद्री चालत नसे. रविवारला ती 'पहिला दिवस' म्हणे. त्या दिवशी तिच्या ओसरीत पाच-सहा माणसं चटईवर बसत आणि तासभर कोणी काही बोलत नसे. आतून कोणी बोलायला लावलं तरच बोलायचं, नाहीतर उठून घरी जायचं. गाव त्याला मुकं देऊळ म्हणे. ती सगळ्यांना 'तू' म्हणायची. हेडमास्तरांना तू, तहसीलदाराला तू, भंगी आला तर त्यालाही तूच, कारण देवापुढे सगळे सारखे. बाबांना तिनं पहिल्यांदा 'तू' म्हटलं त्या दिवशी ते घरी येऊन दोन तांबे पाणी प्यायले. एकदा तिला कुठल्याशा भांडणात कचेरीत साक्षीला बोलावलं तर ती शपथ घेईना. म्हणाली, आज शपथेवर खरं बोलले तर काल मी खोटं बोलत होते असं होईल. हाकिमानं शेवटी कपाळाला हात लावून तिची साक्ष तशीच लिहून घेतली. ही गोष्ट बाबा कौतुकानं चारचौघांत सांगत.

तिच्याकडे एक जुनं, कातडी बांधणीचं पुस्तक होतं. तिच्या पंथाच्या अगदी पहिल्या माणसांनी आपापल्या हातानं लिहिलेल्या कहाण्या. कोणी चांभार, कोणी गवळण, कोणी खलाशी. प्रत्येकानं आधी आपलं पाप सांगितलेलं, मग त्या पापाखाली आपण कसे चिरडलो ते, आणि मग एका दिवशी, नांगरताना नाहीतर भांडी घासताना, आत उजेड कसा पडला आणि अंग कसं थरथरलं ते. बाबांना धर्माचं काही पडलं नव्हतं, त्यांना त्या जुन्या इंग्रजीनं वेड लावलं होतं. दर रविवारी सकाळी ते पुस्तक मांडीवर घेऊन बसत, मराठी सांगत आणि मी लिहीत असे, कारण माझं अक्षर चांगलं होतं. एकदा एका शब्दाला अडले. उद्धार, मोक्ष, मुक्ती, काहीच त्यांना पसंत पडेना. आत तांदूळ निवडणारी आत्या म्हणाली, "दाव्याचं जनावर सोडतो ना भाऊ, तसं असंन तं सोडवणूक म्हना." बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, लिही, सोडवणूक. दुसऱ्या दिवशी हन्नाबाईनं विचारलं की हा शब्द कोणाचा, आणि बाबांनी खरं नाव सांगितलं.

तिथून ते सुरू झालं. तयार झालेली पानं दर गुरुवारी दुपारी हन्नाबाईकडे पोचवायची असत. चौदा वर्षांच्या मुलीला कापूस बाजारातून एकटी पाठवणार कशी, म्हणून आत्या सोबत येई. घरचा नियम ठरलेला होता. ओसरीत बसायचं, पाणी घ्यायचं नाही. बाबासुद्धा तिच्याकडे जाताना आपला पितळी तांब्या सोबत नेत. मी ओसरीत बसून चुका दुरुस्त करायची आणि आत्या आधी पायरीवर, मग उंबऱ्यात, मग आत. महिन्याभरानं मला आतून तिचा आवाज ऐकू येऊ लागला. ती अक्षरं लावून वाचत होती. हन्नाबाईच्या ओळखीचं नागपूरला बायकांचं एक इस्पितळ होतं, तिथं वाचता येणाऱ्या बाईला सुईणीचं काम शिकवून नोकरी देत. आत्याचं ठरलं होतं की पुरतं वाचता आल्याशिवाय भावाला काही सांगायचं नाही, आणि वाचता आलं की त्याच्यासमोर वर्तमानपत्र धडाधडा वाचूनच विचारायचं. बाबा हो म्हणाले असते. मला आजही तसंच वाटतं.

एका गुरुवारी मी एक शब्द विचारायला म्हणून, खरं तर कुतूहलानं, आत डोकावले. आत्या टेबलाशी खुर्चीवर बसली होती. तिच्यासमोर हन्नाबाई. दोघींच्या मध्ये चहाची किटली आणि हन्नाबाईनं स्वतः भाजलेला पाव. आत्यानं पावाचा तुकडा चहात बुडवला आणि खाल्ला. मी तिला आयुष्यात पहिल्यांदाच कोणाच्यातरी बरोबरीनं, समोरासमोर बसून खाताना पाहिलं. तिनं मला पाहिलं, घास गिळला, आणि परतताना बाजाराच्या कोपऱ्यावर थांबून म्हणाली, "मायनं इचारलं तं सांगजो, महादेवाच्या देवळात बसलो होतो." मायनं विचारलं, मी सांगितलं. मग दर गुरुवारी सांगितलं. माय म्हणायची, गिरजेले देवाचा नाद लागला, बरं झालं.

आता माझं सांगते. त्या वयात इतर मुलींना बांगड्या हव्या असतात, मला एक पाप हवं होतं. वर्षभर मी त्या चांभाराच्या आणि गवळणीच्या कहाण्या माझ्या अक्षरात उतरवत होते, आणि प्रत्येकाजवळ काहीतरी मोठं होतं. माझ्याजवळ चोरून खाल्लेली लोणच्याची फोड आणि मैत्रिणीची फोडलेली पाटी. एवढ्यावर कोणाचं अंग थरथरतं? मग एका रविवारी, तिच्या 'पहिल्या दिवशी', बाबांच्या परवानगीनं मी मुक्या देवळात जाऊन बसले. भिंतीवर पाल होती, बाहेर कोणीतरी सरकी पाखडत होतं, आणि त्या शांततेत मला एकदम आठवलं की मी दर आठवड्याला मायशी खोटं बोलते. अंगावर काटा आला. रडू आलं. आपल्याला सापडलं, हे कळलं तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो. त्या दिवशी आत खरंच काही झालं की पुस्तकात वाचलेलं मी करून दाखवलं, हे आज इतक्या वर्षांनीही मला सांगता येत नाही. काहीतरी होतं. ते खोटं नव्हतं एवढं मी म्हणेन.

घरी येऊन मी चार पानं लिहिली. मी कोणाची मुलगी, कुठं राहते, आत्या कोण, पाव कसा, चहा कसा, देवळाचं खोटं कसं आणि शेवटी उजेड कसा. बाबांची सगळी सुंदर वाक्यं मला पाठ होती, ती मी वापरली. पुढच्या गुरुवारी, आत्या आत धडा वाचत असताना, हन्नाबाई ओसरीत आली तेव्हा ती पानं मी तिच्या हातात दिली. तिनं उभ्यानंच वाचली, चष्मा काढून पुसला आणि माझ्याजवळ बसली. त्या दुपारचं सध्या एवढंच सांगून पुढे जाते.

बाबांचं भाषांतर गावातल्याच छापखान्यात छापून झालं. पातळ, पिवळ्या कव्हराचं पुस्तक. बाबांनी सगळी मुद्रितं स्वतः तपासली होती, फक्त शेवटची चार पानं हन्नाबाईनं नंतर परस्पर दिली. ती बाबांना पहिल्यांदा ऐकायला मिळाली ती शाळेतल्या मास्तरांच्या खोलीत, एका सहकाऱ्याच्या तोंडून. 'याच गावातली एक चौदा वर्षांची मुलगी, इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांची.' नाव तेवढं गाळलं होतं. नाव गाळणं म्हणजे खोटं नव्हे, पण मास्तरांच्या जागी दुकानदार लिहिणं किंवा आत्याच्या जागी शेजारीण लिहिणं हे खोटं झालं असतं, आणि ते हन्नाबाईच्यानं होण्यासारखं नव्हतं. बाबा दुपारच्या सुट्टीतच घरी आले. टोपी न काढता खाटेवर बसले. मला एवढंच विचारलं, "अक्षर कोनाचं?" मी म्हणाले, "माह्यं." त्यानंतर किती दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत ते मी मोजलं नाही.

आठवडी बाजारापर्यंत ते पुस्तक वडनेरला पोचलं आणि मोठेबाबा आले. सोबत नात्यातले दोन वडीलधारे. मोठेबाबा दुष्ट नव्हते, हे लिहून ठेवते, कारण पुढे माझ्या मुलांनी त्यांना राक्षस करून टाकलं. त्यांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या आणि त्यांना हे प्रकरण झाकायचं होतं, वाढवायचं नव्हतं. त्यांनी हन्नाबाईला बोलावणं धाडलं. ती आली, चपला बाहेर काढून चटईवर बसली. आत्या स्वयंपाकघराच्या दारात, मी तिच्या मागे. मोठेबाबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि अगदी मऊपणानं म्हणाले, "बाई, येवढंच म्हना का पोट्टीनं मनचं लिहिलं. तुमच्या एका शब्दानं आमचं घर वाचते." सोबतच्या दोघांनी माना हलवल्या. त्यांनाही तेच ऐकायचं होतं. पुस्तक खोटं हे त्यांना पुरलं असतं, कोणी खोदून पाहणार नव्हतं.

हन्नाबाई गप्प बसली. तिच्या ओसरीतली ती शांतता तिनं आमच्या घरात आणून मांडली. चुलीवर कढी उकळत होती, तिचा आवाज येत होता. मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, म्हण ना, एकदाच म्हण. तुझ्या देवाला एवढं एक खोटं चालणार नाही का? ती माझ्याकडे पाहत होती, बराच वेळ. मग मोठेबाबांकडे वळून आपल्या त्या स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाली, "तू माझ्याकडे खोटं मागतो आहेस. ते माझ्याजवळ नाही." बाबांनी तिला विचारलं, हे तुम्ही का केलंत. ती म्हणाली की मी त्यातला एक शब्दही बदललेला नाही. ते तिनं बचाव म्हणून सांगितलं नाही, अभिमानानं सांगितलं. मी तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या आत काहीतरी कायमचं बंद झालं. जिच्यावर मी मायहून जास्त विश्वास टाकला होता, तिनं माझ्या आत्याला एका वाक्यासाठी विकून टाकलं, असं मी तेव्हा म्हणाले आणि पुढे जन्मभर म्हणत आले.

बाबा काहीतरी बोलतील असं मला वाटलं. ते चटईच्या काड्या मोजत राहिले. शेवटी आत्याच दारातून पुढे आली. तिनं पदर तोंडावर धरला नव्हता. म्हणाली, "कायले इचारता तिले? मी खाल्ला. चांगला लागला."

प्रायश्चित्त देऊन आणि जेवायला वेगळं बसवायच्या बोलीवर जानेफळचा दीर तिला न्यायला तयार झाला. नागपूरच्या इस्पितळाचं नाव कोणी काढलं नाही, कारण आत्या, हन्नाबाई आणि मी सोडून ते कोणाला माहीतच नव्हतं. मी का नाही काढलं? काढून काय झालं असतं कोण जाणे. सकाळी बैलांची दमणी दारात लागली. मायनं तिच्या पदरात रोडगे बांधून दिले आणि रडायला मागच्या अंगणात गेली. मी आत्याच्या पाया पडायला वाकले तर तिनं माझे खांदे धरून मला उभी केली. रागावलेली नव्हती. खरंच उत्तर हवं असल्यासारखी म्हणाली, "खोटं बोलाले तुले मी सांगितलं होतं, विमे. खरं बोलाले कोनं सांगितलं?"

दमणी वळणावरून गेली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी जे पाप म्हणून लिहिलं, ते माझं त्या वयातलं एकुलतं एक चांगलं काम होतं. हन्नाबाई त्याच उन्हाळ्यात गाव सोडून गेली. तिचं घर एका अडत्यानं घेतलं आणि ओसरीत सरकीची पोती रचली. बाबांनी ते कातडी पुस्तक तिला परत केलं होतं, पण पुढे कोणी भाषांतराबद्दल विचारलं तर ते विषय बदलत. मी शिकले, मेहकरला मास्तरीण झाले, आणि हन्नाबाईची गोष्ट सांगत राहिले. माझ्या मुलांना, सुनांना, शाळेतल्या बायकांना. खऱ्याच्या नादात माणूस किती निर्दय होतो, ही त्या गोष्टीची शिकवण. ऐकणारे हळहळत. ती मी इतकी चांगली सांगायची की स्वतःलाही पटायची.

मेहकरला बरीच वर्षं काढल्यावर एका सुट्टीत मी जानेफळला गेले. आत्या साठीच्या पुढे गेली होती, दीर मरून गेला होता, आणि ती पुतण्याच्या घरात ओसरीवरच्या खोलीत राहत होती. मला तिनं आंबाडीची भाजी आणि भाकर वाढली आणि, हे मी पाहून ठेवलं, स्वतःचं ताट घेऊन माझ्यासमोर बसली. तिच्या उशाशी पुतण्याच्या मुलाचं पत्र होतं. मी विचारलं, अजून वाचतेस ना? म्हणाली, "कुठं वं. गेलं सारं." जेवून झाल्यावर हात धुता धुता, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "त्या बाईनं छापाच्या आंधी तुले इचारलं होतं का?"

मी म्हणाले, नाही.

तिनं मान हलवली. "मले वाटलंच होतं. तू तं ल्हान होती." आणि ओल्याच हातानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पुढच्या वर्षी ती गेली.

आता ती दुपार पुरी करते. हन्नाबाई माझ्याजवळ बसली आणि तिनं विचारलं, हे इथल्या लोकांनी, मराठीत, वाचलं तर तुला चालेल का? माझ्या डोळ्यांसमोर तो चांभार, ती गवळण आणि त्यांच्या मागोमाग छापलेलं माझं पान उभं राहिलं. मी हो म्हणाले. मग तिनं आतल्या दाराकडे पाहिलं, तिथं आत्या बोट ठेवून ठेवून धडा वाचत होती, आणि विचारलं, तिला विचारलं आहेस? मी म्हणाले, "हाव, इचारलं. तिले चालते." दार चार पावलांवर होतं. पण हन्नाबाई उठली नाही, तिनं आत्याला हाक मारली नाही. एवढं खरं लिहिणारी मुलगी तोंडानं खोटं बोलेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. आणि नंतर आमच्या घरी, त्या चटईवर, सगळे तिच्या एका शब्दाची वाट बघत असताना, ती माझ्याकडे पाहत होती ती माझ्याच शब्दाची वाट बघत, छापायला हो कोणी म्हटलं ते मी सांगावं म्हणून. मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, पोरगी लाजली.